दोन सर्व्हर, दोन नावं

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला की समजायचं, एकतर घरी काहीतरी झालंय नाहीतर खामगावचा सर्व्हर झोपलाय. त्या दिवशी तिसरंच निघालं.

"काय करून राह्यला बे?"

"झोपलो होतो."

"झोपतं काय! पोलिसाईचं पत्र आलं. एक आयपी विचारला त्याईनं. अन् आपल्या दोन सर्व्हरवर दोन नावं निघून राह्यली."

मी उठून बसलो. उठून बसण्याचं कारण पोलीस नव्हते, कारण होतं 'दोन नावं'. ती सगळी सिस्टीम मी बांधलेली होती. शनिवार-रविवारी, पुण्यात बसून, फुकट. (मोबदला म्हणजे दर दिवाळीला एक चिवड्याचा डबा आणि खामगावला गेलो की स्टँडवरून न्यायला गाडी. बरा होता मोबदला.)

तर गोष्ट २०१५ सालची, नोव्हेंबरची. दिवाळी संपून दहा दिवस झाले होते. फोनवरचा माझा वर्गमित्र. आधी केबल टीव्हीचा धंदा, मग त्याच वायरीवरून आणि टॉवरवरून इंटरनेट. ग्राहक असतील दोनेक हजार. बुलडाणा जिल्हा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगतो, कारण पुढे तो लागणार आहे. आमच्या जिल्ह्याचे सरळ दोन भाग: घाटावर आणि घाटाखाली. खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा हे घाटाखाली, रेल्वे जवळ, कापसाचा पट्टा. बुलडाणा, चिखली, मेहकर हे घाटावर. सोयरिकीची बोलणीसुद्धा "घाटावरचे आहेत का खालचे?" इथून सुरू होतात. मधे बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगा अभयारण्य. मित्राचं मुख्य ऑफिस खामगावला आणि दुसरं बुलडाण्याला, आणि दोघांना जोडणारी एक वायर त्या बाजूच्या रस्त्यानं गेलेली. रस्त्याचं काम निघालं की जेसीबी प्रथम आमची वायर शोधून काढायचा.

म्हणून मी दोन्हीकडे एकेक सर्व्हर ठेवला होता. एक बंद पडला तर दुसरा. फार हुशारीचं काम केलंय असं तेव्हा वाटलं होतं.

आता हे सर्व्हर करतात काय ते सांगतो. बँकेत किंवा ऑफिसात बसून जावा लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनाही हे रोज लागत नाही. तुम्ही घरी राउटर सुरू करता, युजरनेम-पासवर्ड जातो, समोर टॉवरवर किंवा केबलच्या टोकाला एक डबा असतो, त्याला नॅस म्हणतात, नेटवर्क ॲक्सेस सर्व्हर. हा डबा स्वतः काही ठरवत नाही. तो मागे एका सर्व्हरला विचारतो, "ह्याला आत घेऊ का?" तो 'घे' म्हणाला की तुम्ही आत. ही विचारपूस ज्या भाषेत चालते तिचं नाव रेडियस. नव्वदच्या दशकात, डायल-अपच्या जमान्यात, लिव्हिंगस्टन नावाच्या कंपनीत जन्माला आली, आणि अजून ठणठणीत आहे. आम्ही वापरत होतो फ्रीरेडियस, १९९९ साली सुरू झालेलं आणि फुकट मिळणारं. फुकटात काम होणं हा आमच्या आर्किटेक्चरचा पाया होता. :)

आत घेणं हा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे अकाउंटिंग. तुम्ही आत आलात की डबा सर्व्हरला कळवतो: स्टार्ट, अमुक ग्राहक, अमुक आयपी. मग दर काही मिनिटांनी इंटरिम अपडेट: अजून आहे, आतापर्यंत इतका डेटा. गेलात की स्टॉप. सर्व्हर हे सगळं डेटाबेसमध्ये एका ओळीत लिहून ठेवतो. बिल त्यावरून, "तुमचे २० जीबी संपले, आता स्पीड कमी" हे त्यावरून. आणि पोलिसांनी विचारलं की अमुक तारखेला अमुक वाजता हा आयपी कोणाकडे होता, तर ते उत्तरही त्याच ओळीतून.

हा शेवटचा उपयोग माझ्या डोक्यात कधी नीट बसलाच नव्हता. माझ्या लेखी ते बिलाचं टेबल होतं. बिलात चूक झाली तर मित्र शंभर रुपये परत करायचा, चहा पाजायचा, विषय संपला.

खरं तर बसायला हवा होता. २००७ साली मी पुण्यात नवा नवा नोकरीला लागलो होतो तेव्हाची बातमी. ऑर्कुटवर कोणीतरी शिवाजी महाराजांबद्दल बदनामीकारक मजकूर टाकला होता. पुणे पोलिसांनी आयपी काढला, टेलिकॉम कंपनीनं त्या आयपीचा ग्राहक कळवला, आणि बंगलोरहून एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला उचलून आणलं. तो जवळजवळ ५० दिवस येरवड्याला होता. नंतर निघालं की कंपनीनं कळवलेला माणूसच चुकीचा होता. विचारलेल्या वेळेत सकाळ का संध्याकाळ हेच स्पष्ट नव्हतं, असं तेव्हा छापून आलं होतं. ऑफिसच्या कँटीनमध्ये आम्ही दोन दिवस त्यावर बोललो. "आपल्यासारखाच होता यार" वगैरे. मग विसरलो. तो आपल्यासारखा होता हे सगळ्यांना दिसलं. ज्यानं ती क्वेरी मारली असेल तोही आपल्यासारखाच होता, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तर फोनवर मित्रानं पत्र वाचून दाखवलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या सायबर सेलचं होतं. आयपी, तारीख १६ नोव्हेंबर, वेळ २०:१५. कोणाच्या तरी नावानं खोटं प्रोफाइल उघडून मुलीला त्रास देण्याचा प्रकार.

"खामगावच्या सर्व्हरवर कोण दाखवतं?"

तो थांबला. मग म्हणाला, "सर."

सर म्हणजे आम्हा दोघांना आठवीत गणित शिकवणारे सर. रिटायर होऊन एव्हाना बरीच वर्षं झालेली, घरी दोघंच, मुलगी कॅनडात, तिच्याशी बोलायला इंटरनेट घेतलेलं. बुलडाण्याच्या सर्व्हरवर नाव होतं एका भाड्याच्या खोलीचं, जिथं कॉलेजची तीन-चार पोरं राहत.

"ते पोट्टेच असतीन ना बे," मित्र म्हणाला. "सरचं नाव देलं अन् पोलीस त्याईच्या घरी गेले त कसं दिसन? पोराईचं देऊन टाकतो."

मी म्हटलं, थांब. काही देऊ नकोस. मी येतो.

तसं पाहिलं तर एसएसएचवरून सगळं पुण्यातूनच दिसत होतं. पण मला तिथं जायचं होतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालो. जालना, देऊळगाव राजा, चिखली, अर्धवट झोपेत. आणि वाटेत लॅपटॉप उघडून एकेक बघत गेलो तसतशी झोप उडत गेली.

पहिला शोध: दोन डेटाबेस एकमेकांशी दहा दिवस बोलतच नव्हते.

मी त्यांच्यात दुहेरी रेप्लिकेशन लावलं होतं. खामगावात लिहिलेलं बुलडाण्यात उमटेल, बुलडाण्यातलं खामगावात. ओळींचे नंबर भांडू नयेत म्हणून खामगावला विषम आकडे आणि बुलडाण्याला सम. सगळ्या ट्युटोरियल्समध्ये असंच लिहिलेलं असतं. पण ११ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, सगळं गाव घरी. सगळे एकदम ऑनलाइन, खामगावचा डेटाबेस हळू झाला. टॉवरवरच्या डब्यानं स्टार्ट पाठवला, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं तोच स्टार्ट बुलडाण्याला पाठवला. बुलडाण्यानं लिहिला. तोवर खामगावनंही धापा टाकत लिहिला होता. एकच सेशन, दोन जागी. रेप्लिकेशन ती ओळ पलीकडे न्यायला गेलं तर तिथं ती आधीच हजर. मायएसक्यूएलची एरर १०६२, डुप्लिकेट एंट्री. आणि अशा वेळी ते रेप्लिकेशन काय करतं? जागच्या जागी थांबतं. आरडाओरडा नाही, काही नाही. विचारलं तर सांगतं, 'बंद आहे'. दहा दिवस कोणी विचारलं नव्हतं.

ज्या संध्याकाळी बाजारपेठेत वह्यांची पूजा चालू होती, नेमक्या त्याच संध्याकाळी आमच्या दोन वह्या वेगळ्या झाल्या. हा योग मी आजतागायत विसरलेलो नाही.

(आमच्या खामगावला वह्यांचं फार. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः इथं आला होता, जलंब ते खामगाव ह्या एवढ्याशा रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला. कारण एकच, कापूस. माझे आजोबा त्याच बाजारात एका अडत्याकडे मुनीम होते. त्यांच्याबद्दल पुढे येतंय.)

दुसरा शोध जास्त वाईट होता.

खामगावच्या डेटाबेसमध्ये सरांचं सेशन असं होतं: सुरू १६ तारखेला सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी, बंद १७ च्या पहाटे बरोबर ३ वाजता. बरोबर ३. सेकंदही शून्य शून्य. माणूस इतक्या बरोबर वेळेला इंटरनेट बंद करत नाही. आणि सर तर रात्री दहाला झोपणारे.

पहाटे ३ ला काय होतं ते मला माहीत होतं. माझी स्क्रिप्ट होती ती.

त्याचं असं की, आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. टॉवरवरची बॅटरी दमली की डबा बंद. बंद पडणारा डबा स्टॉप पाठवायला थांबत नाही. मग सर्व्हरच्या लेखी तो ग्राहक अजून आतच असतो. वीज आल्यावर ग्राहक पुन्हा यायला बघतो तर सर्व्हर म्हणतो, तू तर आधीच आत आहेस, दोनदा कसा येशील? लोकांचे फोन, शिव्या. म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली: दररोज पहाटे ३ ला, ज्यांची बराच वेळ खबर नाही अशी सगळी सेशन्स बंद कर. बंद कसं करायचं? स्टॉपच्या रकान्यात आत्ताची वेळ टाकायची. चार ओळींची स्क्रिप्ट. तक्रारी थांबल्या, मित्रानं पाठ थोपटली.

म्हणजे मी काय केलं होतं बघा. डब्यानं खरोखर पाठवलेली स्टॉपची वेळ आणि मी अंदाजानं ठोकलेली वेळ, दोन्ही एकाच रकान्यात, एकाच शाईनं. नंतर बघणाऱ्याला फरक कळायला मार्गच नाही. सरांची शेवटची खरी खबर संध्याकाळी ७:४० ची होती. त्यानंतरचे सात तास वीस मिनिटं मी त्यांच्या नावावर लिहिली होती. आणि पोलिसांचे सव्वाआठ त्या सात तासांत पडत होते.

चिखली गेली आणि मी लॅपटॉप मिटला. डोळे मिटले नाहीत.

रविवारी सकाळी ऑफिसात बसलो. मित्राला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मंजे पोट्टेच. बुलडाण्याचं खरं." त्यालाही वाटत होतं की दोनपैकी एक खोटा ठरला की दुसरा आपोआप खरा. मलाही तोवर तसंच वाटत होतं. पण आता माझा दोन्ही टेबलांवरचा विश्वास उडाला होता. टेबल म्हणजे शेवटी सारांश. मला मूळ पॅकेट्स हवी होती.

इथं फ्रीरेडियसचे उपकार. ते डेटाबेसच्या आधी, हवं असेल तर, आलेलं प्रत्येक पॅकेट जसंच्या तसं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहू शकतं. तिला डिटेल फाइल म्हणतात. मी ती कधीतरी डीबगिंगसाठी सुरू केली होती आणि बंद करायची विसरलो होतो. आयुष्यात काही विसरणं असंही कामाला येतं.

दोन्ही सर्व्हरच्या फाइल्स शेजारी ठेवून, वहीत हातानं वेळा लिहीत गेलो. खामगावकडे सरांचं शेवटचं इंटरिम ७:४० ला. त्यानंतर बुलडाण्याच्या फाइलीत ७:५२ ला त्या टॉवरवरच्या डब्याचा निरोप: अकाउंटिंग-ऑन. म्हणजे 'मी आत्ताच जागा झालोय, माझ्याकडची आधीची सगळी सेशन्स मेली असं समजा'. खामगावकडे जाणारी रेडिओ लिंकही वीज गेल्यानं पडली होती म्हणून तो बुलडाण्याला बोलला. खामगावला हा निरोप कधी पोचलाच नाही. त्याच्यासाठी सर अजून आतच. ८:०३ ला पोरांचा स्टार्ट, आणि डब्यानं तोच आयपी त्यांना दिला, कारण सरांचा तो मोकळा झाला होता. पोरांचा स्टॉप ११:२५.

मित्राचा चेहरा खुलला. "पाह्य! म्यां काय म्हटलं?"

आणि मग तिसरी गोष्ट. त्या पॅकेटमध्ये डब्यानं स्वतःच्या घड्याळाची वेळही पाठवली होती. ती होती १ जानेवारी १९७०. हसू नका. ह्या स्वस्तातल्या बोर्डांवर घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की ते १९७० मध्ये जन्म घेतात आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तिथंच राहतात. मी वापरलेल्या वेळा सर्व्हरच्या घड्याळाच्या होत्या, म्हणून निभावलं. पण ते १९७० बघताना डोक्यात प्रश्न आला: आपण सगळे घड्याळं जुळवतोय, पण पत्रातले २०:१५ कोणाच्या घड्याळातले?

पत्र पुन्हा वाचलं. २०:१५. पुढे काहीच नाही. चोवीस तासांचं घड्याळ, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा घोळ नाही. पण ती प्रोफाइलची साइट परदेशातली. अशा कंपन्यांचे लॉग बहुधा जीएमटीत असतात. जीएमटीचे २०:१५ म्हणजे आपले रात्रीचे पावणेदोन, आणि तारीख १७.

पावणेदोनला तो आयपी कोणाकडे होता? एव्हाना खामगावची लिंक परत आली होती. खामगावच्या टेबलात ओळ सापडली: १२:४० ते २:२०, एक तिसरंच घर. आणि त्याच टेबलात, त्याच वेळी, त्याच आयपीवर सरही होते, माझ्या स्क्रिप्टच्या कृपेनं पहाटे तीनपर्यंत. एक आयपी, एकाच क्षणी दोन माणसांकडे. हे होऊच शकत नाही. ही एक क्वेरी मी रोज रात्री चालवली असती तर माझं खोटं मलाच कधीच सापडलं असतं.

आणि हेही बघा. वेळ भारतीय धरा नाहीतर जीएमटी धरा, खामगावचं टेबल दोन्ही वेळा सरांचंच नाव घेत होतं. त्या भानगडीत ज्यांचा अजिबात संबंध नव्हता असा एकच माणूस, आणि आमच्या मुख्य सर्व्हरनं नेमकं त्यालाच धरून ठेवलं होतं.

आम्ही नाव न देता उलट पत्र लिहिलं: वेळ भारतीय की जीएमटी, कृपया कळवावे. मित्र घाबरला होता, पोलिसांना उलट प्रश्न कसा विचारायचा म्हणून. सोमवारी तिथल्या हवालदारांचा फोन आला, माणूस मोठा सज्जन. म्हणाले, बरं झालं विचारलं, कंपनीच्या मेलमध्ये जीएमटी लिहिलंय, पत्र टाइप करताना राहून गेलं. मग आम्ही तिसरं नाव दिलं, सोबत डिटेल फाइलीतल्या मूळ ओळी जोडून. पुढचा तपास त्यांचा. सरांना ह्यातलं काही कळलं नाही. पोरांनाही नाही. ती पोरं तर शनिवारी सकाळी जवळजवळ पत्रात गेलीच होती.

मंगळवारी ऑफिसला दांडी मारली आणि सगळं उकलून पुन्हा शिवायला घेतलं.

रेडियस अकाउंटिंगचा नियम आरएफसी २८६६ मध्ये आहे, जून २००० चा. मी तो आधी वाचला नव्हता (कोण वाचतं?). त्यात एक अट आहे, तिचा मतलब असा: पॅकेट नीट नोंदवून होत नसेल तर सर्व्हरनं पोच देताच कामा नये. गप्प बसायचं. पोच आली नाही की डबा पुन्हा पाठवेल, किंवा दुसऱ्या सर्व्हरला पाठवेल. सगळी विश्वासार्हता त्या एका पोचेवर उभी आहे, कारण खाली यूडीपी आहे, तिथं पॅकेट हरवलं तर कोणी सांगायला येत नाही. माझी पंचाईत अशी की मी पोच डेटाबेसच्या गळ्यात बांधली होती. डेटाबेस दमला की पोच उशिरा, पोच उशिरा की डबा दुसरीकडे, आणि दुसरीकडे गेला की दोन नोंदी.

त्या रात्री घरी जेवताना आजोबांची आठवण निघाली. त्यांच्या दुकानी दोन वह्या असत. कीर्द आणि खतावणी. व्यवहार झाला की आधी कीर्दीत, ज्या क्रमानं घडला त्या क्रमानं, भरभर. गाडीवान समोर उभा आहे, त्याला कापसाची चिठ्ठी द्यायचीय, तेव्हा कोणाच्या खात्यावर काय चढवायचं ह्याचा विचार करत बसायचं नाही. खतावणी सावकाश, संध्याकाळी, दिव्याखाली. खतावणी बिघडली तर कीर्दीवरून पुन्हा तयार होते. उलटं होत नाही.

डिटेल फाइल म्हणजे कीर्द. डेटाबेस म्हणजे खतावणी. मी खतावणीच लिहीत बसलो होतो, गाडीवानाला ताटकळत ठेवून.

नवीन रचना त्यामुळे फार साधी झाली. पॅकेट आलं की डिस्कवरच्या फाइलीत लिहायचं आणि लगेच पोच द्यायची. फाइल वाचून डेटाबेसमध्ये चढवायचं काम वेगळं, मागून, आपल्या गतीनं. फ्रीरेडियसबरोबर बफर्ड-एसक्यूएल नावाचं तयार कॉन्फिगरेशन ह्याच कामासाठी येतं. माझ्या आधी कितीजण ह्याच खड्ड्यात पडले असतील त्याचा तो पुरावा. दुहेरी रेप्लिकेशन काढून टाकलं. दोन्ही गावं आपापली कीर्द लिहितात, आणि दोन्ही कीर्दी वाचून एकच खतावणी तयार होते. वायर तुटली तर कीर्द वाट बघते. तुटून आठ दिवस झाले तरी हरकत नाही.

मग एकच पॅकेट दोन्हीकडून आलं तर? येऊ दे. इथं इंटरिमचा एक गुण उपयोगी पडतो. त्यातला आकडा 'मागच्या वेळेपासून किती' असा नसतो, 'सुरुवातीपासून किती' असा असतो. विजेच्या मीटरसारखा. मीटर रीडरनं एकाच दिवशी दोनदा रीडिंग घेतलं म्हणून बिल दुप्पट होत नाही, आणि एक महिना आलाच नाही तरी पुढच्या महिन्यात हिशेब जुळतो. फक्त नियम पाळायचा: त्याच सेशनचा मोठा आकडा ठेवायचा, बेरीज करायची नाही. 'त्याच सेशनचा' हे ओळखायला नुसता सेशन नंबर पुरत नाही, काही डबे रीबूट झाले की नंबर पुन्हा पहिल्यापासून देतात. म्हणून ग्राहक, डबा आणि सेशन नंबर मिळून ओळख.

मीटरवरून आठवलं. ह्या मीटरचा काटाही फिरून शून्यावर येतो. बाइट मोजणारा रकाना ३२ बिटांचा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ झाले की पुन्हा शून्य. २ एमबीपीएसवर पावणेपाच तास सलग डाउनलोड केलं की पोचलात. किती वेळा फिरला ते गिगावर्ड्स नावाच्या वेगळ्या रकान्यात येतं, तो वाचायचा राहिला तर सगळ्यात जास्त डाउनलोड करणाऱ्याचं बिल सगळ्यात कमी. हे आम्ही दोन वर्षं केलं होतं. त्या ग्राहकांनी तक्रार केली नाही, हे सांगायला नकोच.

इंटरिम अर्ध्या तासाचं होतं ते दहा मिनिटांवर आणलं. तरी मधली दहा मिनिटं अंधारातच. २०१९ मध्ये टिपेश्वरहून एक वाघ तेराशेहून जास्त किलोमीटर चालत आमच्या ज्ञानगंगेत आला तेव्हा मला हेच आठवलं. त्याच्या गळ्यात कॉलर होती, ठरावीक वेळानं जागा कळायची. नकाशावर ठिपके जोडून सुरेख रेघ निघते, पण ठिपका तेवढा खरा. रेघ आपली.

सगळ्या वेळा आत जीएमटीत साठवल्या, दाखवताना भारतीय, आणि प्रत्येक वेळेपुढे कुठली ते लिहिलेलं. पॅकेटमधली वेळ आणि सर्व्हरला मिळाली ती वेळ, दोन्ही ठेवल्या. एका आयपीवर एका वेळी दोघं दिसले की सकाळी मेल. दोन्ही गावच्या पॅकेटांची मोजदाद खतावणीशी जुळली नाही तरी मेल. पहिल्या आठवड्यात इतके मेल आले की मित्र म्हणाला, "आधी बरं होतं बे, काही मालूम नोह्यतं."

राहिली ती माझी पहाटे तीनची स्क्रिप्ट. लोकांना पुन्हा आत तर येऊ द्यायचं होतं, म्हणजे सेशन बंद करणं भाग. पण स्टॉपचा रकाना आता फक्त डब्यानं पाठवलेल्या स्टॉपसाठी. आजोबा खोडरबर वापरत नसत. शाईत चूक झाली तर एक आडवी रेघ, मूळ आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी नवा. अंदाजाचा आकडा, म्हणजे गाडी तोलायची राहिलीय पण साधारण इतके क्विंटल असतील, तो शिसपेन्सिलीनं. पक्का झाला की मगच शाई. टेबलात मी दोन नवे रकाने घातले: शेवटचं केव्हा दिसला, आणि नसल्याचं नक्की केव्हा कळलं. सरांच्या बाबतीत ७:४० आणि ७:५२. ह्या दोन्हींच्या मधे कधीतरी, ह्याच्यापुढे आम्हाला माहीत नाही. पोलिसांना द्यायच्या उत्तरातही तसंच जाणार.

आता मित्राचा धंदा वाढलाय. सगळीकडे फायबर आहे, एक पब्लिक आयपी कितीतरी घरांत वाटलेला असतो, म्हणून नुसता आयपी आणि वेळ सांगून माणूस सापडत नाही, पोर्ट नंबरही लागतो आणि त्याचा वेगळा लॉग. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनं असे रेकॉर्ड्स एकाऐवजी किमान दोन वर्षं ठेवायचा नियम केला, तेव्हापासून डिस्का घेऊन घेऊन तो वैतागलाय. सर्व्हर बघायला त्यानं शेगावचा एक पोरगा ठेवलाय, चलाख आहे. मागच्या महिन्यात त्याचा मला मेसेज आला: "सर, रेडॅक्टच्या टेबलात पेन्सिल_१ आणि पेन्सिल_२ नावाचे कॉलम आहेत. कोणी टेस्टिंगसाठी केले होते का? डिलीट करू?"

मी त्याला फोनच लावला.